चाळिशीतलं बीपी आणि सत्तरीतला मेंदू

आवाज मागेपर्यंत येतोय ना? बरं. सुरू करतो मग, आणि आधीच सांगून ठेवतो की मी बोलताना रक्तदाब कमी आणि बीपी जास्त म्हणणार आहे, तेवढं चालवून घ्या.

तर बीपी म्हटलं की लोकांचा हात छातीवर जातो. ओपीडीत रोजचं आहे हे. बीपी वाढलंय म्हटलं की लगेच "डॉक्टर मग ईसीजी काढू का, टूडी इको करू का, माझ्या भावाला ब्लॉकेज निघाले होते". काढा ना ईसीजी, कोण नाही म्हणतंय. पण डोक्याचं कुणी विचारत नाही. हार्ट अटॅकमध्ये बीपीला भागीदार बरेच असतात, शुगर आहे, कोलेस्टेरॉल आहे, तंबाखू आहे. स्ट्रोकमध्ये, म्हणजे आपण ज्याला पॅरालिसिसचा झटका म्हणतो, गावाकडे अंगावरून वारं गेलं म्हणतात, त्यात भागीदार असतात पण सगळ्यात मोठा हिस्सा बीपीचा. ३२ देशांत मिळून एक अभ्यास झाला, इंटरस्ट्रोक नावाचा, २०१६ साली निकाल आले, त्यात स्ट्रोकच्या एकूण धोक्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या बीपीचा निघाला.

आणि स्ट्रोक निदान दिसतो तरी. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, घरात धावपळ, सगळ्यांना कळतं की काहीतरी झालंय. मला आज जास्त बोलायचंय ते न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल. चाळिशीत पन्नाशीत बिनऔषधाचं राहिलेलं बीपी पुढची वीस वर्षं मेंदू आतून खात असतं आणि मग पासष्टीला माणूस जरा मंद झाला की घरचे म्हणतात, वय झालं आता. वय झालेलं असतंच हो, पण नुसतं वय नसतं ते.

हे शहरातल्या एसीत बसणाऱ्यांचं दुखणं आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी आपल्या गडचिरोलीचं उदाहरण देतो. सर्च, म्हणजे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची संस्था, तिथल्या टीमने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांत झालेल्या प्रत्येक मृत्यूची घरोघर जाऊन चौकशी केली. काय झालं होतं, कधी झालं, हातपाय चालत होते का, बोलता येत होतं का, असं सगळं विचारून कारण ठरवलं. गडचिरोली म्हटल्यावर आपल्या डोक्यात काय येतं? मलेरिया, कुपोषण, साप. निघालं काय तर १५९९ मृत्यूंपैकी २२९ स्ट्रोकने. सातात एक. पहिल्या नंबरचं कारण ते. आणि त्यातल्या ८७ टक्के लोकांनी घरीच प्राण सोडला. २०१५ साली छापून आलं हे, आणि खरं सांगतो, मी वाचलं तेव्हा पुन्हा वर जाऊन आकडा तपासला की मी नीट वाचतोय ना. जिथे बीपीचं मशीन पोचायला वेळ लागतो तिथे बीपी केव्हाच पोचलेलं होतं.

आता थोडा इतिहास, मला आवडतो म्हणून सांगतो, कंटाळा आला तर हात वर करा. फ्रँकलिन रूझवेल्ट, दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाचं बीपी वर्षानुवर्षं वाढत गेलं आणि त्याची नोंद आपल्याला आकड्यांसकट वाचायला मिळते. १९३७ ला १६२ / ९८. १९४१ ला १८८ / १०५. त्यांचे खासगी डॉक्टर होते नाक कान घशाचे. नाक कान घशाच्या डॉक्टरांबद्दल माझं काही म्हणणं नाही, इथे बसलेले असतील एखादे, पण एवढ्या बीपीवर विशेष काही झालं नाही. मार्च १९४४ मध्ये नौदलाचा एक तरुण हार्ट स्पेशालिस्ट, हॉवर्ड ब्रून, त्याने तपासलं तर बीपी १८६ / १०८, हृदय वाढलेलं, फुप्फुसात पाणी साठायला लागलेलं. त्याने जे हाताशी होतं ते दिलं. डिजिटॅलिस हे हृदयाला जोर देणारं औषध, मीठ कमी, आराम, सिगारेट कमी. बीपीसाठी आज आपल्याला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळते तसली एकही गोळी तेव्हा अस्तित्वात नव्हती. पहिली बरी, साधी, रोज तोंडाने घेता येईल अशी लघवी वाढवणारी गोळी आली १९५८ ला.

जून १९४४ मध्ये नॉर्मंडीला सैन्य उतरलं तेव्हा यांचं बीपी २२६ / ११८. नोव्हेंबरात चौथ्यांदा निवडून आले. फेब्रुवारी १९४५ ला याल्टा, स्टालिन आणि चर्चिलबरोबर जगाची वाटणी करायला बसले तेव्हाचे आकडे २६० / १५०. त्या बैठकीत त्यांची विचारशक्ती शाबूत होती का यावर इतिहासकार अजून भांडतात, मी त्यात पडत नाही. १२ एप्रिल १९४५, जॉर्जियातलं वॉर्म स्प्रिंग्ज, दुपारी एकच्या सुमारास खुर्चीत बसले होते, समोर चित्रकार बाई त्यांचं पोर्ट्रेट काढत होत्या. डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर दुखतंय म्हणाले आणि कोसळले. ब्रूनने बीपी घेतलं, ३०० / १९०. साडेतीनच्या सुमारास गेले, वय ६३. मेंदूत रक्तस्राव. आणि त्यांच्या त्या खासगी डॉक्टरांनी बाहेर सांगितलं की हे अगदी अचानक झालं, काही कल्पनाच नव्हती. आठ वर्षं चढत गेलेले आकडे फाइलमध्ये असताना!

हसू नका, आपल्याकडे आजही हेच होतं. "कालपर्यंत ठणठणीत होते हो." ठणठणीत म्हणजे काय, मोजलं होतं का कधी? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं की हाय बीपी असलेल्या प्रौढांपैकी ४६ टक्के लोकांना आपल्याला बीपी आहे हेच माहीत नाही.

रूझवेल्टनंतर आले ट्रुमन, त्यांनी १९४८ ला हृदयरोगांच्या संशोधनाच्या कायद्यावर सही केली आणि त्याच वर्षी बोस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम गावात ५२०९ माणसं निवडून त्यांचा आयुष्यभर पाठपुरावा सुरू झाला. तो अभ्यास आता नातवंडांपर्यंत पोचलाय. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट महत्त्वाची. १९५० ते ६० च्या दशकात या लोकांचं बीपी दर दोन वर्षांनी मोजत होते, तेव्हा बहुतेकांना औषध नव्हतंच. मग १९७० च्या दशकात त्यांच्या स्मरणशक्तीच्या, लक्ष देण्याच्या चाचण्या घेतल्या. ज्यांचं बीपी बारा-चौदा वर्षांपूर्वी जास्त होतं त्यांचे मार्क कमी. ज्यांना स्ट्रोक होऊन गेला त्यांना वगळूनसुद्धा. हातपाय धड, तोंड सरळ, आणि तरी मार्क कमी.

का होतं असं? हे जरा सावकाश सांगतो.

मेंदूचं वजन सव्वा ते दीड किलो, शरीराच्या दोन टक्के. पण हृदयातून निघालेल्या रक्तातलं पंधरा-वीस टक्के रक्त एकटा मेंदू घेतो. आणि साठवून काही ठेवत नाही, रोजचं रोज, मिनिटाचं मिनिटाला. आता हे रक्त पोचतं कसं बघा. इथे बागायतदार मंडळी बरीच दिसतायत म्हणून ठिबकचं उदाहरण देतो. मेनलाइनला पंपाचं पूर्ण प्रेशर आहे, आणि मध्ये सबमेन नाही, प्रेशर रेग्युलेटर नाही, तुम्ही सरळ मेनलाइनला भोक पाडून बारीक लॅटरल जोडली. काय होईल? (प्रेक्षकांतून : फुटेल.) फुटेल. आणि जी फुटणार नाही ती? गाळ धरून आतून चोंदत जाईल आणि शेवटच्या टोकाच्या झाडाला पाणी पोचणार नाही. मेंदूच्या खोल भागात नेमकी अशीच रचना आहे. गळ्यातून वर जाणाऱ्या मोठ्या धमनीच्या मोठ्या फांदीतून, काटकोनात, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या आणि त्याहूनही बारीक रक्तवाहिन्या थेट निघतात आणि खोल आत शिरतात. मध्ये प्रेशर उतरायला टप्पेच नाहीत. मोठ्या वाहिनीतलं १८० सरळ त्या बारकीच्या भिंतीवर आदळतं, दिवसाला लाखभर वेळा.

फुटली तर ब्रेन हॅमरेज. बहुतेक वेळा फुटत नाही, भिंत जाड होते, आतली वाट अरुंद होत जाते आणि एक दिवस एखादी बंद पडते. तिच्या टोकाला असलेला मेंदूचा छोटासा तुकडा मरतो, ३ ते १५ मिलिमीटरची पोकळी उरते, तिला लॅक्यून म्हणतात. एवढासा तुकडा मेला तर कित्येकदा माणसाला पत्ताही लागत नाही. एखादा दिवस हात जड वाटला, चहाचा कप निसटला, संध्याकाळी बरं वाटलं, विसरून गेले. अशा मुक्या स्ट्रोकांची संख्या दिसणाऱ्या स्ट्रोकपेक्षा जास्त असते. आणि बंद न पडता नुसतं रक्त कमी पोचत राहिलं तर मेंदूचा जो आतला पांढरा भाग आहे, एका भागातून दुसऱ्या भागात निरोप नेणारे तंतू असतात तो, तो हळूहळू झिजतो. एमआरआयवर तिथे पांढरे डाग दिसतात.

इथे माझी एक जुनी तक्रार आहे ती करून घेतो. रिपोर्टमध्ये हे डाग येतात आणि खाली लिहिलेलं असतं, वयोमानानुसार बदल. झालं. पेशंट खूश, नातेवाईक खूश, फाइल कपाटात. अहो पंचावन्नच्या माणसाच्या मेंदूत ढीगभर डाग आणि तो वयोमानानुसार? त्याच्या वयाचे बाकीचे कुठे तसे आहेत? रिपोर्टवर ते वाक्य दिसलं की आपण दंडाला पट्टा बांधायचा आणि बीपी मोजायचं, एवढं तरी करा.

हे डोकं कसं बिघडतं ते ऐका, कारण लोक वाट बघतात विसरण्याची. आपल्या मनात डिमेन्शिया म्हणजे माणूस मुलाचं नाव विसरला, घरचा रस्ता चुकला. बीपीने होणारा बिघाड सुरुवातीला असा नसतो. माझ्याकडे एक दुकानदार आले होते, ओळख पटणार नाही एवढा तपशील बदलून सांगतो. साठी ओलांडलेली, किराण्याचं चालू दुकान, बायको घेऊन आली. ती म्हणाली, "हे पूर्वीसारखे राहिले नाहीत." म्हटलं विसरतात का, तर म्हणे नाही, विसरत काहीच नाहीत, उधारी कुणाची किती ते अजून तोंडपाठ आहे. मग काय होतं? गप्प बसून राहतात. गिऱ्हाईक उभं असतं आणि हे बघत बसतात. महिन्याचा हिशोब एका संध्याकाळी करायचे त्याला आता आठवडा लागतो आणि तरी मुलाला परत बघावा लागतो. दोन माणसं एकदम बोलली की गोंधळतात. चालताना पाय उचलत नाहीत, फरशीला घासत छोटी छोटी पावलं टाकतात. लघवीला धरवत नाही. आणि कशाचंच काही वाटेनासं झालंय, नातीच्या बारशाला सुद्धा कोपऱ्यात बसून होते. घरचे समजले डिप्रेशन आहे, कुणीतरी झोपेची गोळीही देऊन ठेवलेली.

मी कागद दिला, म्हटलं घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. वर्तुळ छान काढलं. आकडे बारापासून सुरू केले ते सहापर्यंत उजव्या बाजूला ऐसपैस, मग लक्षात आलं जागा उरली नाही असं नाही, उरलेली आहे पण पुढचे आकडे कुठे घालायचे हेच ठरवता येईना, सगळे एका कोपऱ्यात दाटीवाटीने लिहिले. आणि काटे? एक काटा अकरावर, दुसरा दहावर. दहा मिनिटं म्हणजे काटा दोनवर न्यायचा असतो, त्यासाठी डोक्यात एक छोटासा हिशोब करावा लागतो, दहा हा आकडा समोर दिसतोय त्याचा मोह टाळावा लागतो. तेच जमत नव्हतं. आठवण शाबूत, पण बेत आखणं, क्रम लावणं, एका कामातून दुसऱ्यात जाणं आणि या सगळ्याचा वेग, हे गेलं होतं. बीपी घेतलं, १७८ / १००. विचारलं आधी कधी कळलं होतं का? तर बायको म्हणाली बारा वर्षांपूर्वी एका कॅम्पमध्ये सांगितलं होतं, गोळी तीन महिने घेतली, मग नॉर्मल आलं म्हणून बंद केली.

नॉर्मल आलं कारण गोळी चालू होती! हे वाक्य मी इतक्यांदा बोललोय की आता माझ्या कंपाउंडरला पाठ झालंय.

आणि अल्झायमर, म्हणजे विसरण्यापासून सुरू होणारा डिमेन्शिया, तो वेगळा आणि हा बीपीचा वेगळा, असं समजू नका. दोन्ही एकाच डोक्यात सुखाने नांदतात. अमेरिकेत काही नन्सवर एक फार सुंदर अभ्यास झाला, त्या बायका जिवंतपणी दर वर्षी चाचण्या द्यायच्या आणि मेल्यावर मेंदू दान करायच्या. १९९७ मध्ये त्यातून निघालं की मेंदूत अल्झायमरचे बदल सारखेच असले तरी ज्यांच्या खोल भागात एखाददोन लॅक्यून होते त्यांच्यात प्रत्यक्ष डिमेन्शिया कितीतरी जास्त होता. म्हणजे अल्झायमर येणार असेल तर तो थांबवणं आपल्या हातात फारसं नाही, पण त्याला बीपीची जोड द्यायची की नाही हे बरंचसं आहे. भारतात साठीपुढच्या माणसांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, साधारण ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये आला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशननं २०२४ मध्ये टाळता येण्यासारखी चौदा कारणं मोजली, सगळी आटोक्यात आली तर ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकेल किंवा पुढे ढकलला जाईल असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात मध्यम वयातलं बीपी आहे. मध्यम वयातलं, हे लक्षात घ्या. लंडनच्या सरकारी नोकरांवरच्या अभ्यासात पन्नासाव्या वर्षी वरचा आकडा १३० किंवा जास्त असणाऱ्यांना पुढे डिमेन्शियाचा धोका जास्त दिसला. एकशेतीस. आपण १३० ला "वा, मस्त" म्हणतो.

मग औषधाने डोकं वाचतं का? इथे मी जरा हात राखून बोलणार, कारण व्हॉट्सॲपवर फार मोठमोठी विधानं फिरतात. स्ट्रोक टळतो यात वादच नाही, ते पन्नास वर्षांपासून सिद्ध आहे. आणि स्ट्रोक टळला म्हणजे त्याच्या मागून येणारा डिमेन्शियाही टळला, कारण पहिल्या स्ट्रोकनंतर दहात एकाला नव्याने डिमेन्शिया होतो आणि पुन्हा झटका आला तर तिघांत एकापेक्षा जास्त लोकांना. पण स्ट्रोक न झालेल्यांचं काय? अमेरिकेत स्प्रिंट नावाची ट्रायल झाली, ९३६१ माणसं, निम्म्यांचं बीपी १४० च्या खाली ठेवायचं, निम्म्यांचं १२० च्या खाली. २०१९ मध्ये मेंदूचे निकाल आले. १२० वाल्यांत बुद्धीची सौम्य घसरण, म्हणजे डिमेन्शियाच्या अलीकडची पायरी, १९ टक्क्यांनी कमी. एमआरआयवरचे पांढरे डागही कमी वाढले. पण पक्का डिमेन्शिया कमी झाला हे आकडेशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झालं नाही. कमी दिसला, पण सिद्ध झाला नाही. ट्रायल ठरल्यापेक्षा लवकर थांबवली होती, तेवढ्यात डिमेन्शियाच्या पुरेशा केसेसच जमल्या नाहीत. मला स्वतःला वाटतं वेळ मिळाला असता तर दिसलं असतं, पण माझ्या वाटण्याला काही किंमत नाही.

किंमत आहे ती चीनमधल्या अभ्यासाला, आणि तो मला स्प्रिंटपेक्षा जवळचा वाटतो कारण तो आपल्यासारख्या खेड्यांतला आहे. ३२६ गावं, जवळजवळ ३४ हजार माणसं, वय चाळीस आणि पुढे, बीपी आटोक्यात नसलेली. निम्म्या गावांत नेहमीप्रमाणे जे चाललंय ते. निम्म्या गावांत तिथले गावडॉक्टर, म्हणजे एमबीबीएस एमडी नाहीत, थोडं ट्रेनिंग घेतलेले, त्यांना ठरलेल्या क्रमाने औषध वाढवायला शिकवलं, औषधं स्वस्त किंवा फुकट दिली, घरी मोजायला मशीन दिलं. लक्ष्य १३० / ८० च्या खाली. चार वर्षांनी डिमेन्शिया १५ टक्के कमी. २०२५ मध्ये आलं हे. महागडं इंजेक्शन नाही, स्कॅन नाही, जुन्या गोळ्या आणि कोणीतरी मागे लागणारं माणूस.

आपल्याकडेही सरकारी पातळीवर याची सुरुवात झालेली आहे, इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह, त्यात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या फुकट मिळतात. मिळतात हो, विचारा तर खरं. आशाताईंना विचारा.

आता मोजायचं कसं. लोक जिना चढून येतात, बाहेर चहा पितात, लघवी तुंबलेली असते, खुर्चीत टेकले की दंड पुढे करतात आणि मोजताना सुनेची तक्रार सांगत असतात. मग १६० येतं आणि म्हणतात मशीन बिघडलंय. पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकून, पाय जमिनीवर, तंगडी वर तंगडी नाही. दंड उघडा, स्वेटरवरून नाही, हात छातीच्या उंचीला टेबलावर. दंड जाड असेल तर मोठा पट्टा, नाहीतर आकडा खोटा चढतो. मनगटाचं मशीन घेऊ नका, दंडाचं घ्या. दोनदा मोजा, मिनिटभराच्या अंतराने. दवाखान्यात १४० / ९० पासून पुढे आणि घरी १३५ / ८५ पासून पुढे जास्त समजतात. काहींचं दवाखान्यात वाढतं घरी नॉर्मल असतं, ते सगळ्यांना माहितीये, पण उलटं पण असतं, दवाखान्यात सज्जन आणि घरी ऑफिसात चढलेलं, आणि ते धोक्याचं कारण कुणी पकडत नाही.

मिठाबद्दल दोन मिनिटं. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चमचा, सगळं मिळून. आपण आठ-दहापर्यंत जातो. लोक म्हणतात आम्ही वरून मीठ घेतच नाही. वरून नसेल घेत, पण लोणचं, पापड, ठेचा, फरसाण, खारी, सुकट, बोंबील? आणि सैंधव मीठ बीपीला चालतं हे कुणी सांगितलं मला माहीत नाही, तेही सोडियम क्लोराईडच आहे, रंग गुलाबी आहे एवढंच. चीनमध्येच ६०० गावांत साध्या मिठाच्या जागी पंचवीस टक्के पोटॅशियम क्लोराईड घातलेलं मीठ दिलं, २०२१ ला निकाल आला, स्ट्रोक १४ टक्क्यांनी कमी. तसं मीठ आपल्याकडे मिळतं, पण किडनीचा त्रास असेल किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, ते जिवावर बेतू शकतं.

आणि झटका आलाच तर. तोंड वाकडं, एक हात खाली पडतो, बोलणं बोबडं, अचानक तोल गेला किंवा दिसेनासं झालं, यातलं काहीही एक. घड्याळ बघा आणि १०८ लावा. मोठी वाहिनी बंद पडलेल्या स्ट्रोकमध्ये मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात असा हिशोब आहे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो, म्हणून जवळचा दवाखाना नाही, सीटी असलेला आणि हे इंजेक्शन देणारा दवाखाना, तो कुठला हे आजच विचारून ठेवा. पाणी पाजू नका, ठसका लागतो. ॲस्पिरिन देऊ नका, आत रक्तस्राव असेल तर आगीत तेल. आणि घरातली बीपीची गोळी जिभेखाली देऊ नका. त्या वेळी बीपी वाढलेलं असतं ते बऱ्याचदा मेंदू अडलेल्या भागात रक्त ढकलायचा प्रयत्न करत असतो म्हणून, ते धाडकन पाडलं तर उरलेलंही जातं. कबुतराचं रक्त चोळायला नेऊ नका हे मला अजून सांगावं लागतं याचं वाईट वाटतं. आणि दहा मिनिटांत सगळं आपोआप ठीक झालं तरी त्याच दिवशी जा, पुढचा मोठा झटका पुष्कळदा त्याच आठवड्यात येतो.

चला, प्रश्न घेऊ. हां ताई, बोला.

लसूण? लसूण खा की, चांगला आहे. गोळीच्या जागी नको.

गोळी सकाळी की रात्री. ब्रिटनमध्ये एकवीस हजार लोकांवर बघितलं, २०२२ मध्ये निकाल आला, काही फरक नाही. तुमच्या लक्षात राहील ती वेळ.

"एकदा सुरू केली की आयुष्यभर घ्यावी लागते ना?" बहुतेकांना हो. वजन उतरवलं, मीठ दारू कमी केली तर काहींची कमी होते, एखाद्याची सुटतेही, पण ते डॉक्टरांनी मोजून ठरवायचं. चष्मा आयुष्यभर लावता तेव्हा कुणी विचारत नाही. पायाला सूज आली, कोरडा खोकला आला तर गोळी बदलून मिळते, बंद करू नका, येऊन सांगा.

मागे कोण आहे? जोरात बोला काका. वडील अठ्ठ्याहत्तरचे, विसरायला लागलेत, बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत, आता त्यांना फायदा काय, बंद कराव्यात का?

चांगला प्रश्न आहे. बंद नाही करायच्या, पण त्या वयात नियम जरा बदलतो. त्यांचं बीपी झोपलेलं असताना घ्या आणि मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत घ्या. वरचा आकडा वीसने किंवा जास्त उतरत असेल, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर डॉक्टरांना सांगा, डोस कमी करावा लागेल. अशा माणसाला पडून खुब्याचं हाड मोडण्याची भीती मोठी असते. बाकी औषधं पण सगळी पिशवीत घालून न्या, प्रोस्टेटची गोळी, झोपेची गोळी, त्यांनीही बीपी खाली येतं किंवा तोल जातो. आणि गोळ्यांचं पाकीट त्यांच्या उशाशी ठेवू नका. घेतली का म्हटलं की ते हो म्हणणार, आणि मग एक दिवस घेतच नाहीत किंवा दोनदा घेतात. वारांचे खण असलेला प्लास्टिकचा डबा मिळतो तो आणा, रविवारी तुम्ही भरा, आणि सकाळच्या चहाबरोबर समोर उभं राहून द्या. कोण देतं सध्या, आई? त्यांचं बीपी कधी मोजलंय?